ताऱ्यांच्या वाटेवरचे गलबत

१९४७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. कराचीच्या विमानतळावरून पॅन अमेरिकन कंपनीचे एक प्रवासी विमान इस्तंबूलकडे निघाले. कराची तेव्हा अजून अखंड हिंदुस्थानात होती. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत तर ती आपल्या मुंबई इलाख्यातच मोडत असे. ज्या बनावटीचे ते विमान होते तिचे नाव 'कॉन्स्टेलेशन', म्हणजे तारकापुंज. वाटेत एका इंजिनाने पेट घेतला आणि सीरियाच्या वाळवंटात, युफ्रेटिस नदीच्या जवळ, रात्रीच्या काळोखात ते विमान कोसळले. विमानात कंपनीचाच एक पंचवीस वर्षांचा वैमानिक होता. त्या फेरीत सुकाणू त्याच्या हाती नव्हते. आपण खाली जाणार हे ठाऊक असूनही तो प्रवाशांना धीर देत त्यांच्यातच बसला, आणि विमान आदळल्यावर बरगड्या मोडलेल्या असताना जळत्या सांगाड्यातून माणसे बाहेर ओढू लागला. काही वाचली, काही दगावली. या तरुणाचे नाव जीन रॉडनबेरी.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर त्याने बॉम्बफेकी विमाने चालवली होती. या अपघातानंतर वर्षभरात त्याने वैमानिकाची नोकरी सोडली, लॉस एंजेलिस शहरात पोलिसात काही वर्षे काढली, आणि शेवटी टेलिव्हिजनसाठी नाटके लिहिणे हाच धंदा पत्करला. १९६६ सालच्या ८ सप्टेंबरला त्याची जी मालिका अमेरिकेत सुरू झाली तिचे नाव 'स्टार ट्रेक'. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने टेलिव्हिजनच्या काल्पनिक गोष्टींवर का बोलावे, असे कुणी विचारील. पण माणसे कशाला भितात आणि भीती वाटली म्हणजे काय करतात, हे ज्या काळाचे पाहायचे त्या काळच्या गोष्टी वाचाव्यात, असे माझे मत आहे. दप्तरातले कागद पुष्कळदा ही बाब लपवतात. गोष्टी सांगून टाकतात.

'ट्रेक' हा शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांचा. बैलगाड्या जुंपून, बायकापोरे आणि भांडीकुंडी घेऊन नव्या मुलुखाकडे जाण्याला ते 'ट्रेक' म्हणत. त्या काळी अमेरिकेत गाड्यांच्या तांड्यावरची एक मालिका फार लोकप्रिय होती. रॉडनबेरीने मालकांना सांगितले, तसाच तांडा, फक्त ताऱ्यांकडे जाणारा. कल्पना अशी की तेविसाव्या शतकात पृथ्वीवरची भांडणे मिटलेली आहेत, आणि 'एंटरप्राइज' नावाचे एक प्रचंड यान पाच वर्षांच्या मोहिमेवर अज्ञात ग्रह धुंडाळीत चालले आहे. यानाचा कप्तान कर्क. आपल्या पंचांगातल्या कर्क राशीशी त्याचा काही संबंध नाही बरे का! त्याचा दुय्यम अधिकारी स्पॉक हा अर्धा माणूस आणि अर्धा व्हल्कन नावाच्या ग्रहावरचा: कान टोकदार, भुवया वर चढलेल्या, आणि भावनेला थारा न देता तर्काने चालणारा. तिसरा डॉक्टर मॅकॉय, चिडखोर पण मायाळू. शिवाय संदेशयंत्रणेवर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री, सुकाणूवर सुलू हा जपानी चेहऱ्याचा अधिकारी, आणि दुसऱ्या वर्षापासून चेकॉव्ह नावाचा एक रशियन पोर. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले होते त्या दिवसांत अमेरिकन घराघरांत हा रशियन मुलगा कप्तानापुढे बसून यान हाकताना दिसे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मालिका सहजासहजी उभी राहिली नाही. पहिला नमुन्याचा भाग प्रक्षेपण कंपनीने परत पाठवला. तो डोक्याला फार ताण देणारा आहे असे तिचे म्हणणे पडले. मग दुसरा नमुना करावा लागला. पैशाची तर सदाच ओढाताण. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणे परवडेना, म्हणून माणसे एका जागी अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होतात अशी युक्ती काढली. डॉक्टरची शस्त्रक्रियेची हत्यारे म्हणजे प्रत्यक्षात जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या दाण्या होत्या. यानाचे दरवाजे आपोआप सरकत, असे आपण पाहतो. ते पडद्याआडून माणसे ओढीत असत. आपल्या दशावतारी नाटकात दोन माणसे पडदा धरून उभी राहतात आणि तरीही प्रेक्षकाला देव दिसतो, त्यातलाच हा प्रकार. मला तर यात उणेपणा वाटत नाही. साहित्य थोडे असले की गोष्टीवरच भिस्त ठेवावी लागते.

१५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेला एक भाग मी थोडा विस्ताराने सांगतो. त्याचे इंग्रजी नाव 'बॅलन्स ऑफ टेरर', म्हणजे दोन्ही बाजूंच्या धास्तीने राखलेला तोल. हा शब्दप्रयोग अण्वस्त्रांच्या राजकारणातलाच. चारच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या कड्यावर उभे राहिले होते. लेखक पॉल श्नायडर याने घाट घेतला तो पाणबुडी आणि युद्धनौका यांच्या पाठलागाच्या चित्रपटांचा. फक्त पाण्याच्या जागी अवकाश घातले.

यानावर लग्न चालू आहे. रॉबर्ट टॉमलिन्सन आणि अँजेला मार्टिन हे दोघे जण, दोघेही शस्त्रविभागात काम करणारे. लग्न लावायला कप्तान स्वतः उभा आहे, आणि ऐन मुहूर्तावर धोक्याची घंटा वाजते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पृथ्वीचे रोम्युलन नावाच्या लोकांशी युद्ध झालेले असते. गंमत अशी की त्या युद्धात कोणी कोणाचे तोंड पाहिलेले नाही. तहसुद्धा रेडिओवरून बोलून झाला. मध्ये एक निषिद्ध पट्टा आखला गेला, आपल्याकडच्या युद्धबंदी रेषेसारखा, आणि त्याच्या कडेने चौक्या बसवल्या. त्या चौक्या आता एकामागून एक नाहीशा होत आहेत. मारेकरी यान डोळ्यांना दिसत नाही, कारण शत्रूने अदृश्य होण्याची विद्या साधली आहे.

पाठलाग सुरू होतो. अचानक एका युक्तीने शत्रूच्या यानाच्या आतले चित्र पडद्यावर येते. शंभर वर्षांत प्रथमच त्याचा चेहरा दिसतो. आणि काय दिसते? टोकदार कान, वर चढलेल्या भुवया. हुबेहूब स्पॉक! सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. स्टाइल्स नावाचा एक तरुण अधिकारी तिथे बसलेला आहे. त्याच्या घराण्यातली माणसे त्या जुन्या युद्धात पडलेली. त्याचा संशय क्षणात बोलू लागतो. कप्तान त्याला तिथेच थांबवतो: असला द्वेष मनात असेल तर तो आपल्या खोलीत ठेवून ये, इथे त्याला जागा नाही, अशा अर्थाचे दोन शब्द त्याला ऐकवतो.

पुढे दोन्ही याने एकमेकांचा कानोसा घेत, सगळी यंत्रे बंद करून, तासन्‌तास काळोखात स्तब्ध राहतात. दोन्ही बाजूंना कसलेले कप्तान. रोम्युलन सेनापती पोक्त माणूस आहे, युद्धाला विटलेला; पण हुकूम आहे म्हणून लढतो. तो आपल्या यानावर ज्या सुरात बोलतो त्याच सुरात कर्क आपल्या डॉक्टरापाशी मन मोकळे करतो. शेवटी निर्णायक घटकेला शस्त्रविभागात विषारी वायू सुटतो. तिथे स्टाइल्स आणि तो नवरदेव असे दोघेच. ज्याच्यावर संशय घेतला तोच स्पॉक आत धावून जातो, शस्त्र डागतो आणि स्टाइल्सला ओढून बाहेर काढतो. टॉमलिन्सन मात्र मरतो. हरलेला रोम्युलन सेनापती पडद्यावर येऊन कर्कला म्हणतो की परिस्थिती वेगळी असती तर आपण मित्र झालो असतो. आणि स्वतःच्या हाताने आपले यान उडवून देतो. विजयाचा जल्लोष नाही की काही नाही. कप्तान त्या अर्ध्यावर राहिलेल्या लग्नाच्या जागी जातो, तिथे ती मुलगी एकटी उभी आहे. तिला काय सांगणार? दोन वाक्ये बोलतो आणि यानाच्या लांबच लांब वाटेने चालू लागतो. भाग संपतो.

आता या गोष्टीतली एक बारीकशी जागा. चेहरा दिसण्याच्या आधीच स्टाइल्स कप्तानाला सुचवतो की आपल्या यानावरही शत्रूचे हेर असतील, आणि सुकाणूवर बसलेला सुलू त्याला दुजोरा देतो; सगळ्या मजल्यांवर कडक पहारा ठेवावा म्हणतो. सुलूचे काम करणारा नट जॉर्ज टाकेई. हा मनुष्य लॉस एंजेलिसमध्ये १९३७ साली जन्मला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलण्यात आले. सुमारे १,२०,००० माणसे. त्यांतली बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. आरोप नाही, खटला नाही. टाकेई तेव्हा पाच वर्षांचा होता. आईबाप आणि धाकटी भावंडे यांच्यासह त्याला आर्कान्सा राज्यातल्या रोहवर येथे काटेरी तारांच्या छावणीत ठेवले, पुढे कॅलिफोर्नियातल्या टुली लेकच्या छावणीत हलवले. युद्ध संपल्यावर सुटका झाली तेव्हा घर नव्हते, धंदा नव्हता.

चेहरा शत्रूसारखा दिसतो, एवढाच ज्यांचा गुन्हा ठरला, त्यांतला एक मुलगा मोठा होऊन या गोष्टीत काम करतो आहे, आणि लेखकाने संशयाचे वाक्य घातले आहे ते नेमके त्याच्याच तोंडी! कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण हा भाग पाहताना माझे लक्ष स्पॉककडे कमी आणि त्या सुकाणूवरच्या माणसाकडे जास्त जाते.

आणि हे परक्यांचे म्हणून सोडून देण्याचेही कारण नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या देशातही चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, मुख्यतः आसाम आणि बंगालकडच्या, राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले होते. त्यांत तान्ही मुलेही होती. आपल्या शालेय इतिहासात याची ओळही मला कधी सापडली नाही. शिक्षक मित्रांनी मनावर घ्यावे, असे हे प्रकरण आहे.

संकटाच्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एकीत एंटरप्राइजला तिच्यापेक्षा शतपटीने मोठे यान अडवते. त्याचा नायक बेलॉक. चेहरा असा भयाण की मुले आईच्या कुशीत शिरावीत. तो म्हणतो, दहा मिनिटांत तुमचा नाश करणार. स्पॉक म्हणतो, बुद्धिबळात मात झाली की डाव संपतो. कर्कच्या डोक्यात वेगळेच येते: हा बुद्धिबळाचा पट नाही, पत्त्यांचा डाव आहे! आपल्याकडे तीनपत्ती खेळणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हातात पान नसताना चेहरा स्थिर ठेवून चाल वाढवायची. तो ठोकून देतो की आमच्या यानात असा एक पदार्थ आहे की मारणारा स्वतःच मरेल. थाप लागू पडते. पण या गोष्टीतली माझ्या आवडीची जागा पुढे आहे. मोठ्या यानातून निघालेले शत्रूचे लहान यान बिघडते आणि मदतीची हाक येते. पळून जायची संधी असताना कर्क मागे फिरतो. तिथे जाऊन पाहतो तो तो भयंकर चेहरा म्हणजे निव्वळ बुजगावणे. खरा बेलॉक लहान मुलाएवढा, एकलकोंडा, आणि हातात पेयाचा प्याला घेऊन पाहुण्यांची वाट बघत बसलेला. हा भाग नियमित मालिकेसाठी सर्वांत आधी चित्रित झाला, १९६६ च्या मे महिन्यात. दाखवला मात्र नोव्हेंबरात. त्यात बेली नावाचा एक पोरगेला अधिकारी भीतीने ओरडतो, त्याला कामावरून बाजूला करतात, आणि थोड्या वेळाने तो स्वतः होऊन परत आपल्या जागी येऊन बसतो. वर्गात अशी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट खाणीतली, मार्च १९६७ ची. खाणकामगारांना काळोखात कोणीतरी जाळून मारते आहे. पन्नासाच्या वर बळी गेले आहेत. कामगार सोटे घेऊन चवताळलेले. शोध घेता कळते की मारणारा प्राणी दगडाच्याच जातीचा आहे, खडकातून वाट काढत जाणारा, आणि कामगार ज्या गोल गोल गोट्यांना निरुपयोगी समजून फोडत होते ती त्याची, म्हणजे तिची, अंडी आहेत. ती आई आहे. डॉक्टर मॅकॉय तिच्या जखमेवर सिमेंटचा लेप देतो आणि स्वतःच चकित होतो की तो लागू पडला. पुढे समेट होतो: तिच्या पिलांनी बोगदे खणावेत, माणसांनी धातू वेचावा. ऊसतोडीच्या फडात बिबट्याची पिले सापडतात तेव्हा गावात काय गोंधळ उडतो हे आमच्या जुन्नर-ओतूरकडच्या मंडळींना माहीत आहे. त्यांना ही गोष्ट दूरची वाटणार नाही. या भागाचे चित्रीकरण चालू असतानाच कर्कचे काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याचे कळले. हातातला प्रसंग पुरा करूनच तो निघाला.

मालिकेत सगळेच सोने होते असे नाही. स्त्रियांना कामे दिली खरी, पण पुष्कळदा ती सजावटीपुरती. लाल अंगरखा घातलेला नवा शिपाई दिसला की तो आता मरणार हे प्रेक्षक ओळखू लागले. नाव नसलेल्या माणसाच्या मरणाची किंमत या गोष्टींनीही कमीच धरली. आणि एक भाग तर मला मुळीच पटत नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत, व्हिएतनाममध्ये रणकंदन माजले असतानाच तो दाखवला. एका मागासलेल्या ग्रहावर शत्रूने एका जमातीला बंदुका पुरवल्या आहेत, तेव्हा तोल राखण्यासाठी दुसऱ्या जमातीला आपणही तशाच बंदुका द्याव्यात, असा कर्क निर्णय घेतो. दुःखाने घेतो, पण घेतो. ज्यांच्या हातात त्या बंदुका जायच्या त्यांचे पुढे काय झाले हे दाखवायला लेखकापाशी वेळ उरलेला नाही. धास्तीच्या तोलाची दुसरी बाजू ती हीच, आणि इथे मालिका आपल्या सरकारच्या मागे उभी राहिली असे मला वाटते.

हिंदुस्थानाबद्दलचे त्यांचे अज्ञानही गमतीचे आहे. खान नुनियन सिंग या नावाचा एक खलनायक त्यांनी उत्तर हिंदुस्थानातला म्हणून आणला. एकाच माणसाच्या नावात खान आणि सिंग दोन्ही! काम मात्र रिकार्दो मोंतालबान या मेक्सिकन नटाने झोकात केले. खरीखुरी हिंदी व्यक्ती आली ती पुढे, १९७९ च्या चित्रपटात: आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया. त्या भूमिकेसाठी तिने डोक्याचे सगळे केस उतरवले होते.

प्रेक्षकसंख्या बेताची म्हणून दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद होणार असा बोभाटा झाला. तेव्हा लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला. लाखावर पत्रे आल्याचे कंपनीनेच मान्य केले. विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन कचेरीवर मोर्चा नेला. तिसरे वर्ष मिळाले, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ देऊन. तरुण मंडळी त्या वेळी घरी कशाला बसतात? ३ जून १९६९ रोजी एकूण ७९ भागांनंतर पडदा पडला. सात आठवडेही झाले नाहीत तोच चंद्रावर माणूस उतरला. पुढे गावोगावच्या केंद्रांनी जुनेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले आणि मालिका खरी लोकप्रिय झाली ती तेव्हा, मेल्यानंतर. १९७६ मध्ये पहिले अवकाश-विमान बांधले तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना लोकांनी पत्रे लिहून त्याला 'एंटरप्राइज' हे नाव द्यायला लावले. ते चाचणीसाठीच बांधलेले असल्याने अवकाशात मात्र कधी गेले नाही.

उहुराचे काम करणारी निशेल निकोल्स पहिल्याच वर्षाअखेर मालिका सोडणार होती. एका समारंभात तिची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी गाठ पडली. त्यांनी तिला राहण्याचा आग्रह केला, असे ती पुढे अनेकदा सांगत असे. ती राहिली. १९७७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या भरतीसाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांच्यापर्यंत पोचण्याचे काम तिच्यावर सोपवले. १९९२ च्या सप्टेंबरात मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अवकाशात गेली. लहानपणी आपण उहुराला पाहिले होते, हे तिने आवर्जून सांगितले आहे.

आणि टाकेई? अमेरिकेच्या काँग्रेसने छावण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता, त्यापुढे १९८१ मध्ये त्याने साक्ष दिली. १९८८ साली कायदा झाला. सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचे ठरले. त्याचे वडील १९७९ मध्येच वारले होते.